मुंबई ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर किती, वेळ किती, आणि हा हिशेब आपला आपण कसा करायचा

मुंबई-न्यूयॉर्क किती तासांचं, असं विचारलं की प्रत्येकाकडून वेगळं उत्तर येतं. नुसतं तिकीट पाहणारा म्हणतो सहा तास, कारण रात्री दीडला सुटून सकाळी साडेसातला पोहोचतं असं त्यावर छापलेलं असतं. तिकडचा मुलगा फोनवर सांगतो सोळा तास. आणि पुण्याच्या घराला कुलूप लावून न्यू जर्सीत एडिसनला मुलीच्या घरी बॅग टेकवणारे काका म्हणतात, अहो, सव्वीस-सत्तावीस तास मोडले. पहिलं उत्तर सोडा. बाकीची दोन्ही बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

अंतराचं तसंच. इंटरनेटवर या दोन शहरांमधलं अंतर शोधलं तर एक आकडा मिळतो, साधारण १२,५४० किलोमीटर. आकडा खरा आहे, पण त्या वाटेने आज बहुधा कुठलंच प्रवासी विमान जात नाही. का, ते पुढे येईलच. मुंबई-न्यूयॉर्क ही जोडी निवडली कारण आई-वडिलांना अमेरिकेला पाठवायचं म्हटलं की मराठी घरांत हाच प्रश्न पहिला निघतो. रीत मात्र कुठल्याही दोन शहरांना लागू पडते. शाळेतली त्रिकोणमिती थोडी आठवत असेल तर उत्तमच, नसेल तरी अडणार नाही.

पहिली पायरी: शहर नव्हे, विमानतळ धरा

न्यूयॉर्कला उतरायचं म्हणजे दोन पर्याय असतात. क्वीन्समधला जेएफके आणि नदीपलीकडे न्यू जर्सीत असलेला नेवार्क. तिसरा लाग्वार्डिया, पण तो मुख्यतः देशांतर्गत विमानांचा, भारतातून थेट कोणी तिथे उतरत नाही. हवेत जेएफके आणि नेवार्क यांच्यात फरक नगण्य. जमिनीवर तोच फरक तासा-दीड तासाचा होतो. मुलं एडिसन, जर्सी सिटी, प्रिन्स्टन अशा बाजूला राहत असतील तर नेवार्क बरा. जेएफकेहून न्यू जर्सीला जाताना सगळं न्यूयॉर्क शहर आडवं येतं. क्वीन्स किंवा लाँग आयलंडला जायचं असेल तर उलटं.

इकडच्या बाजूलाही आता हे बघावं लागतं. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम लिहिलं असेल तर तो अंधेरी-सहारचा जुना विमानतळ, एनएमआय असेल तर उलव्याचा नवा. पुण्याहून किंवा पनवेलकडून येणाऱ्याने तीन अक्षरं नीट वाचूनच गाडी सांगावी. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असं तिकीट स्वस्तात दिसलं तरी वयस्कर माणसांसाठी घेऊ नका.

दुसरी पायरी: सरळ अंतर काढा

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीने जोडलं तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, मग अटलांटिक अशी जाते. दिसायला सरळ, पण ही वाट सुमारे १४,२०० किलोमीटरची आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो, त्यामुळे कागदावरची सरळ रेघ प्रत्यक्षात वळसा असते.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर खरं अंतर दोऱ्याने मोजता येतं. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणून त्याला आपोआप सरकू द्या. तो पश्चिमेला न जाता वर, उत्तरेकडे सरकतो. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर दोरा साधारण साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. अशा गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार केला की साडेबारा हजार. कुठल्याही संकेतस्थळाशिवाय, दोरा आणि पट्टी एवढ्यावर.

नेमका आकडा हवा असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या. मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश. दोन्ही एकाच बाजूचे असते तर वजाबाकी. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करायची. मग शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर, अंशांचा पर्याय निवडून, हे करा:

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७१ × ०.६५१३ = ०.२१३०

दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५३) = −०.५९९०

दोन्हींची बेरीज: −०.३८६०

या आकड्याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवर cos⁻¹): ११२.७ अंश

पृथ्वीच्या पृष्ठभागावर एक अंश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर. ११२.७ ला त्याने गुणलं की १२,५३२ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्यामुळे खरा आकडा यापेक्षा जरासा जास्त, १२,५४० च्या आसपास येतो. आपल्या कामाला एवढं पुष्कळ झालं. मैलांत हवं असेल तर सुमारे ७,७९०. वैमानिक सागरी मैलांत मोजतात, तिथे एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, म्हणून ६,७६० च्या पुढे.

एवढं करायचं नसेल तर ‘ग्रेट सर्कल मॅपर’ नावाचं संकेतस्थळ आहे. बीओएम आणि जेएफके ही अक्षरं टाकली की ते अंतरही देतं आणि नकाशावर कमानदार वाटही काढून दाखवतं. गूगल अर्थमध्येही अंतर मोजण्याची सोय आहे. पण एकदा हाताने करून पाहा. हिशेब करणाऱ्याला ती वाट कुठून जाते हे विचारावंसं वाटतं, आणि पुढचा सगळा मामला त्या वाटेचाच आहे.

तिसरी पायरी: विमान खरोखर कुठून जाणार ते पाहा

गोलावरचा दोरा मुंबईहून निघून सौराष्ट्र आणि कच्छ ओलांडतो, सिंधमध्ये शिरतो, कंदाहारच्या डोक्यावरून तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात जातो. तिथून कझाकस्तानचा पश्चिम कोपरा, मग जवळपास मॉस्कोवरून फिनलंडच्या आखाताकडे, पुढे स्वीडन, नॉर्वे. सर्वांत उत्तरेचा बिंदू ६४.७ अंशांवर, फॅरो बेटांच्याही वर, म्हणजे आर्क्टिक वृत्त जेमतेम दोन अंश दूर. तिथून खाली उतरताना आइसलंडचं रेक्याविक, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर, मेन राज्य आणि न्यूयॉर्क. भर पावसाळ्यात घामाघूम होऊन मुंबईत चढलेल्या माणसाची सगळ्यात जवळची वाट ही अशी थंडीतून जाते.

आता या यादीतले देश पुन्हा वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया.

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं आणि त्यानंतर ही बंदी महिन्या-महिन्याने वाढवत नेली. (२०१९ मध्ये बालाकोटनंतरही हे झालं होतं, तेव्हा फेब्रुवारीअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत.) दुसरीकडे युक्रेनच्या युद्धामुळे २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. म्हणजे गंमत बघा: भारतीय विमानाला मॉस्कोवरून जायला हरकत नाही, पण तिथवर पोहोचायला सिंध ओलांडता येत नाही. अमेरिकी विमानाला सिंध चालतं, मॉस्को चालत नाही. बारा हजार पाचशे चाळीस किलोमीटरची ती वाट दोघांपैकी कोणालाच मोकळी नाही.

मग भारतीय विमान काय करतं? मुंबईहून पश्चिमेला अरबी समुद्रावर निघतं, आखाती देश, तुर्कस्तान किंवा त्याच्या आसपासचा भाग, मग युरोप आणि अटलांटिक. याचा हिशेबही आपल्याला जमतो. वाट तुकड्यांत पाडायची आणि प्रत्येक तुकड्याला वरचीच रीत लावायची. मुंबई ते मस्कत सुमारे १,५९० किलोमीटर, मस्कत ते इस्तंबूल ३,३७०, इस्तंबूल ते जेएफके ८,०३०. बेरीज १२,९९०. म्हणजे थेट वाटेपेक्षा साडेचारशे किलोमीटर जास्त, अर्ध्या तासाचा वळसा.

मुंबईकरांना हा वळसा तसा परवडतो. दिल्लीकरांचे हाल जास्त. दिल्लीहून न्यूयॉर्क खरं तर जवळ, सरळ अंतर पावणेबारा हजारांच्या आसपास. पण पाकिस्तान टाळायचं तर विमानाला आधी नैर्ऋत्येला खाली समुद्राकडे यावं लागतं, म्हणजे ज्या दिशेला जायचं तिच्याकडे जवळपास पाठ करून. याच कारणाने २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नाला उतरून इंधन भरावं लागलं. नाशिक-नागपूरकडच्या लोकांना दिल्लीमार्गे तिकीट स्वस्त दिसतं, तेव्हा हे डोक्यात असू द्या.

आणि पश्चिमेची वाटही कायम मोकळी असेल असं नाही. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षात इराण, इराक, जॉर्डन यांचं आकाश बंद झालं, तेव्हा निघालेली विमानं अर्ध्यातून परत फिरली होती. म्हणून माझा आग्रह असा, की तिकीट काढताना सहा महिन्यांपूर्वी कोणाला किती वेळ लागला हे विचारू नका. फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर तुमच्या विमानाचा क्रमांक टाका आणि गेल्या आठवड्यात ते रोज किती वाजता सुटलं, किती वाजता टेकलं ते बघा. वाटही दिसते. वेळापत्रकात कंपनी जे छापते त्यात तिने स्वतःसाठी थोडी सैल जागा ठेवलेली असते. या नोंदीत ती नसते.

चौथी पायरी: अंतराला वेगाने भागा, पण वारा धरून

मोठं जेट विमान ३५,००० फुटांच्या आसपास ताशी ८९० ते ९०० किलोमीटरने जातं. बोइंग ७७७ चा नेहमीचा वेग मॅक ०.८४ असतो, म्हणजे तिथल्या ध्वनिवेगाच्या ८४ टक्के. तेरा हजार भागिले ८९० म्हणजे साडेचौदा तास. मग जाताना सोळा आणि येताना साडेचौदा का?

इथे घराघरांत एक उत्तर ऐकू येतं: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून तिकडे जाताना जमीन आपल्या दिशेने येते आणि... इथपर्यंत आलं की सांगणाराच अडखळतो, कारण या न्यायाने जाताना कमी वेळ लागायला हवा. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि विमान हवेत उडतं, म्हणून फिरण्याचा सरळ परिणाम शून्य. फरक पडतो तो वाऱ्यामुळे. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या सीमेवर, नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा पट्टा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. त्याला पूर्वेची दिशा मिळते त्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, एवढंच खरं. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो आणि वाराही जोर धरतो. फेब्रुवारी २०२० मध्ये असाच जोराचा वारा पाठीशी मिळाला, तेव्हा ब्रिटिश एअरवेजचं एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

घरच्या हिशेबासाठी मी एक ठोकताळा वापरतो. पश्चिमेला जाताना ८९० मधून ४५ वजा करायचे, पूर्वेला येताना ५० मिळवायचे. मग चढायला-उतरायला म्हणून अर्धा तास वर धरायचा.

जाताना: १३,००० भागिले ८४५, म्हणजे १५ तास २३ मिनिटं. अर्धा तास धरून सोळाला पाच-सात मिनिटं कमी.

येताना: १३,००० भागिले ९४०, म्हणजे १३ तास ५० मिनिटं. अर्धा तास धरून १४ तास २० मिनिटं.

वळशाची वाट माहीत नसेल तर सरळ अंतरात चार टक्के वाढवून घ्या. ठोकताळा खरा उतरतो का हे लंडनवर तपासता येतं. मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, चार टक्के धरून ७,४९०. जाताना जवळपास साडेनऊ तास, येताना साडेआठ. वेळापत्रकात याहून थोडं जास्त दिसेल, कारण तिथे विमान दरवाजापासून मागे ढकललं जाण्यापासून ते तिकडच्या दरवाजाला लागेपर्यंतचा वेळ मोजतात. जेएफकेला धावपट्टीसाठीच्या रांगेत अर्धा-पाऊण तास सहज जातो. दक्षिण-उत्तर प्रवासाला, किंवा विषुववृत्ताजवळून जाणाऱ्या वाटांना हे वजा-मिळवणं लागू करू नका. तिथे जेट स्ट्रीमचा संबंध कमी.

पाचवी पायरी: तिकिटावरची दोन घड्याळं एक करा

तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळाची आणि पोहोचण्याची न्यूयॉर्कच्या घड्याळाची असते. सगळा घोळ इथे. उपाय सोपा: न्यूयॉर्कची वेळ भारतीय वेळेत आणा आणि मग वजाबाकी करा.

न्यूयॉर्क आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. समजा जूनमध्ये विमान मुंबईहून रात्री १.३० ला सुटतं आणि त्याच तारखेला सकाळी ७.३० ला पोहोचतं. ७.३० मध्ये साडेनऊ तास मिळवा: आपल्याकडचे संध्याकाळचे ५. दीड ते संध्याकाळचे पाच, म्हणजे साडेपंधरा तास. परतीचं विमान तिकडून सकाळी ११.३० ला निघतं, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ९. मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला पोहोचतं. साडेचौदा तास. परतीच्या वेळेशेजारी बारीक अक्षरांत ‘+१’ असतं, त्याचा अर्थ दुसरा दिवस. ते नजरेतून सुटलं तर गाडीवाला विमानतळावर एक दिवस आधीच हजर.

याहून महागात पडणारी चूक इकडच्या टोकाला होते. तिकिटावर १५ तारीख, रात्री १.३० असं लिहिलं असेल तर घरातून निघायचं १४ तारखेला. हे वाचताना उघड वाटतं. तरी १५ च्या संध्याकाळी बॅगा घेऊन विमानतळावर पोहोचणारी माणसं असतात, आणि तोवर विमान उतरूनही गेलेलं असतं. आई-वडिलांना तिकीट पाठवताना सोबत एक ओळ मराठीत लिहा: ‘१४ तारखेला, रविवारी, दुपारी ३ वाजता घरातून निघायचं.’ विमानाची वेळ त्यानंतर.

मध्ये युरोपात थांबा असेल तर मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जपून. युरोप घड्याळं बदलतो मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिकेच्या रविवारी नव्हे. त्या मधल्या आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कच्या घड्याळांतला फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. दुबई, दोहा घड्याळ कधीच बदलत नाहीत.

हिवाळ्यात या प्रवासाची एक मजा आहे. ६० अंश अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी साधारण ८३५ किलोमीटरने फिरतो, विमानही जवळपास त्याच वेगाने पश्चिमेला जातं. म्हणून मध्यरात्रीनंतर सुटलेल्या विमानाची रात्र संपता संपत नाही. दोनदा जेवण झालं, झोप झाली, तरी खिडकीबाहेर अंधारच. पहिल्यांदा जाणारे घाबरतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

सहावी पायरी: थेट जायचं की थांबा घेऊन

थांबा घेतल्याने अंतर वाढतं असा समज आहे. आकडे पाहा. लंडनमार्गे ७,२०० अधिक ५,५४०, म्हणजे १२,७४०. थेट सरळ रेषेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. दुबईमार्गे १,९३० आणि ११,०२० मिळून १२,९५०. दोहामार्गे १३,०७० च्या आसपास. भारतीय विमानाच्या थेट पण वळशाच्या वाटेइतकंच झालं हे. अंतरात काहीच जात नाही. जातो तो मधला वेळ, आणि एक जादा उतरणं-चढणं.

म्हणून थांब्याचं तिकीट निवडताना एकूण तासांकडे कमी आणि थांबा किती लांब याच्याकडे जास्त लक्ष द्या. सव्वा तासाचा थांबा कंपनी विकते, पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं की धावाधाव. पासष्टीच्या पुढच्या माणसांसाठी तीन ते चार तास हा मला योग्य थांबा वाटतो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवावी. चालता येत असलं तरी मागावी, कारण मोठ्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणं आणि पाट्या वाचणं हाच खरा त्रास असतो.

दोन्ही विमानं एकाच आरक्षणात असावीत. दोन वेगळी तिकिटं जोडून दहा-बारा हजार वाचतात, पण पहिल्याला उशीर झाला तर दुसरी कंपनी हात वर करते आणि बॅगा मध्येच काढून पुन्हा द्याव्या लागतात. युरोपात थांबायचं असेल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्यांना बऱ्याच ठिकाणी सूट असते.

अबूधाबीचा मार्ग जरा वेगळा. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच होतं, अमेरिकी अधिकारी तिथेच बसतात. न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बॅग घेऊन बाहेर. ज्यांना तिकडच्या रांगेची आणि प्रश्नांची धास्ती आहे त्यांना हे सोयीचं, फक्त अबूधाबीत थांबा जरा मोठा हवा.

न्यूयॉर्कच्या पुढे अजून एक विमान असेल, म्हणजे डेट्रॉइट किंवा रॅलेला जायचं असेल, तर अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथे साधारणपणे इमिग्रेशन, मग बॅगा पट्ट्यावरून काढणं, कस्टम्स, आणि बॅगा पुन्हा देणं हे सगळं करावं लागतं. इथे तीन तासांहून कमी थांबा नको.

सातवी पायरी: उंबरठा ते उंबरठा

आता काकांचे सव्वीस तास. कोथरूड ते मुंबई विमानतळ, द्रुतगती मार्गावरचा घाट आणि पुढची सायन-कुर्ल्याची गर्दी धरून चार तास. विमानाच्या तीन तास आधी पोहोचायचं. हवेत आणि धावपट्टीवर मिळून सोळा. उतरल्यावर इमिग्रेशन आणि बॅगा दीड ते दोन तास. जेएफके ते एडिसन दीड तास, सकाळची ऑफिसची वेळ असेल तर दोन. बेरीज साडेसव्वीसच्या आसपास. थांबा घेतलात तर आणखी चार-पाच तास. कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरीहून निघणाऱ्याने पहिला आकडा आपल्या अनुभवाने वाढवावा, आणि पावसाळ्यात एक रात्र मुंबईत नातेवाइकांकडे काढावी हे उत्तम.

औषधांचं वेळापत्रक याच बेरजेवर बसवायचं, तिकडच्या घड्याळावर नाही. रक्तदाबाची गोळी चोवीस तासांनी घ्यायची असेल तर ती चोवीस तासांनीच. म्हणून एक मनगटी घड्याळ प्रवासभर भारतीय वेळेवर ठेवायचं, मोबाइल आपोआप बदलतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून तासांचा कागद लिहून घ्यावा, औषधं हातातल्या पिशवीत ठेवावीत. एवढा वेळ एका जागी बसल्याने पायांत रक्त साकळण्याचा धोका असतो, त्यामुळे दर दीड-दोन तासांनी उठून फिरायचं. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकतं असं धरतात, म्हणजे आठवडाभर तरी पहाटे तीनला जाग येणार. परत आल्यावर हा त्रास बहुतेकांना जास्त होतो.

दुसरी शहरं असतील तर

रीत तीच, फक्त वाटेकडे बघायला विसरू नका. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर १३,५१० किलोमीटर. न्यूयॉर्कला जाताना दोरा मुंबईतून वायव्येच्या किंचित उत्तरेला निघतो, सॅन फ्रान्सिस्कोला जाताना तो ईशान्येच्याही वर, जवळपास सरळ उत्तरेला निघतो आणि ७६ अंशांपलीकडे, ध्रुवाच्या शेजारून जातो. देश एक, दोन शहरांच्या वाटा मात्र मुंबईतच फुटतात. तिथे जाणारं विमान युरोपावरून जातंय की पूर्वेकडून प्रशांत महासागरावरून, यावर वारा पाठीशी की समोर हे ठरतं, म्हणून ८४५ घ्यायचे की ९४० हे आधी वाट पाहून ठरवा. आणि १५-१६ तास म्हणजे खूप असं वाटलं तर: सिंगापूर-न्यूयॉर्क थेट विमान पंधरा हजारांहून जास्त किलोमीटर जातं आणि साडेअठरा तासांच्या वर घेतं. पृथ्वीवरची कुठलीही दोन शहरं वीस हजार किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत, तेवढाच तिचा अर्धा घेर.

घ्यायला येणाऱ्याला विमान टेकण्याची वेळ कळवू नका, त्यात दीड तास मिळवून कळवा. जेएफकेला पार्किंगचे पैसे मिनिटागणिक चढतात, आणि बाहेर पडेपर्यंत फोनला नेटवर्क मिळेल याची खात्री नसते. म्हणून दारापाशी कुठे भेटायचं ते निघण्याआधीच ठरवून, टर्मिनलच्या क्रमांकासह कागदावर लिहून आईच्या पर्समध्ये ठेवा.